कंपनी बंद झाली, बाबा निवृत्त झाले. आता छातीची तपासणी कोणी करायची?

विटावा_नाका

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात टाकावा की कायदा विभागात हे ठरेना, म्हणून धागा इथेच उघडतोय. संपादकांना वाटलं तर हलवावा.

बाबा (वय ७१) ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात होते. नाव लिहीत नाही, कंपनी आता नाहीच. तिथे ॲस्बेस्टॉसची दोरी, कापड आणि गॅस्केटं बनायची. बॉयलरला, स्टीमच्या पाइपांना गुंडाळतात ती. बाबा आधी कार्डिंगला (तंतू पिंजायच्या खात्यात) होते, नंतर लूमवर. पोतं फोडायचं, पिंजायचं, सूत काढायचं, सगळं एकाच शेडमध्ये. मास्क मिळायचा, पण तो म्हणजे नाकाला बांधायचं मलमलचं फडकं. उन्हाळ्यात तेही कोणी बांधत नसे. कळवा-विटावामार्गे कंपनीची बस यायची, त्या बसच्या सीटवरसुद्धा पांढरी भुकटी असायची असं बाबा सांगतात.

पुढे बाबांनी व्हीआरएस घेतली, काही वर्षांनी कंपनीच बंद झाली. त्या जागी आता काचेची इमारत आहे आणि माझ्या ओळखीची दोन पोरं तिथे कोडिंग करतात.

बाबांना आज मोठा त्रास नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचताना धाप लागते, ती वयाची म्हणून आम्ही सोडून दिलेली. पण जुन्या कामगारांचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यात दोघे घरी ऑक्सिजन लावून आहेत. तिसऱ्यांना टीबीचा कोर्स दोनदा दिला, थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. गेल्या महिन्यात एकाच्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं आणि तपासण्या चालू असतानाच तो गेला. तेव्हापासून गटातल्या गुड मॉर्निंगच्या फुलांची जागा एक्स-रेच्या फोटोंनी घेतली आहे.

ज्यांना त्रास नाही त्यांनीही तपासून घ्यावं का? घ्यायचं तर नेमकं काय? कारण चौकातल्या लॅबचं 'संपूर्ण शरीर पॅकेज' करून आणलं तर त्यात व्हिटॅमिन डी निघालं, छातीचं काहीच नाही. आणि हा खर्च कोणाचा? नोकरीत असताना कंपनीचा डॉक्टर वर्षातून एकदा यायचा. त्याचे कागद कुठे गेले असतील?

तुर्भेकर

वाचतोय. आमचे काका फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) होते. सेम कहाणी, फक्त धूळ वेगळी.

डॉ_मृणाल

मी छातीविकारांचीच डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲस्बेस्टॉसचा आजार नोकरीत असताना क्वचित दिसतो. तंतू फुप्फुसात रुतून बसतात, शरीर ते विरघळवू शकत नाही आणि भोवती हळूहळू व्रण धरत जातो. हे व्रण म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, तो दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. मेसोथेलिओमा हा आवरणाचा कर्करोग तर वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा उगवतो. म्हणजे माणूस पेन्शनीत गेल्यावर. नोकरीत असतानाची तपासणी स्वच्छ निघाली, यावरून आजचं काहीच सांगता येत नाही. त्रास नसलेल्यांनी तपासावं का, याचं उत्तर इथेच आलं: हो.

आता काय तपासायचं. छातीचा साधा एक्स-रे, पण चांगल्या प्रतीचा, आणि तो आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या) वर्गवारीनुसार वाचणारा माणूस हवा. या वर्गवारीत प्रमाणित फिल्म शेजारी ठेवून ठिपके-रेषा किती दाट आहेत याला अंक देतात. नेहमीच्या रिपोर्टात 'दोन्ही बाजूंना रेषा वाढलेल्या' एवढं एक वाक्य येतं, त्यावर पाच वर्षांनी तुलना करता येत नाही. दुसरी स्पायरोमेट्री, ज्याला सगळे फुंकायची टेस्ट म्हणतात. दम्यात हवा बाहेर पडायला अडते, ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस आक्रसतं आणि मुळात मावणारी हवाच कमी होते, हा फरक तिथे कळतो. तिसरी डीएलसीओ, रक्तात वायू किती शिरतो हे मोजणारी. ती सगळीकडे होत नाही, मोठ्या रुग्णालयात होते. चौथं, डॉक्टरने पाठीवर स्टेथोस्कोप लावून फुप्फुसांच्या तळाशी कान देणं. वेल्क्रो सुटल्यासारखा आवाज तिथे यंत्राच्या आधी सापडू शकतो. एचआरसीटी (फुप्फुसांचा बारीक कापांचा सीटी स्कॅन) पहिल्या दिवशी नको. एक्स-रे किंवा फुंकण्यात काही दिसलं तर.

पण या सगळ्यांच्या आधी एक कागद हवा, आणि तो बाबांनी स्वतः लिहायचा आहे. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या खात्यात, हातात काय माल, पोत्यावर काय छापलेलं असायचं, पंखे-एक्झॉस्ट होते का, झाडू कोरडा मारायचे की पाणी मारून, जेवण कुठे, कपडे कुठे धुतले, विडी-सिगारेट किती. ओपीडीत रुग्णाला धंदा विचारला तर तो 'रिटायर्ड' सांगतो आणि आम्ही तेच लिहून मोकळे होतो. त्या तिसऱ्या काकांना दोनदा टीबीचा कोर्स मिळाला तो बहुधा असाच. कामाचा इतिहास समोर नसेल तर एक्स-रेवरची सावली आपल्या देशात आधी टीबीचीच वाटते.

तुर्भेकर, तुमच्या काकांचं थोडं वेगळं आहे. फौंड्रीच्या साच्याची वाळू म्हणजे सिलिका. सिलिकोसिसमध्ये, म्हणजे त्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात, टीबी खरोखरच जास्त होतो. म्हणून तिथे 'टीबी नाही, धूळ आहे' असं म्हणून थांबायचं नाही, दर तपासणीला थुंकी बघायचीच.

तिरकस

डॉक्टरांचा मान राखून विचारतो. ॲस्बेस्टॉसिसला औषध नाही, मेसोथेलिओमाला जवळजवळ नाही. मग ७१ वर्षांच्या सुखी माणसाला कशाला सांगायचं की तुझ्या छातीत काय आहे? उरलेली झोपही जायची. आमच्याकडे एका काकांना रिपोर्ट दाखवला, ते दुसऱ्या दिवसापासून फिरायला जायचेच बंद झाले.

आजीव_फिटर

तिरकसराव, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल म्हणून रागवत नाही.

मी ६९. महाप्यात रंग बनवणाऱ्या प्लांटला मेंटेनन्स फिटर होतो. पाइपलाइन उघडली की आत असेल तो रंग अंगावर. घरी गेल्यावर उशीला रंग लागायचा. आज कपड्याला लाल, उद्या निळा, लघवीलाही रंग यायचा आणि आम्ही त्यावर विनोद करायचो. आमच्यातल्या एका ऑपरेटरला निवृत्तीनंतर लघवीतून रक्त गेलं, दुखत काहीच नव्हतं म्हणून त्याने वर्ष काढलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, पिशवी काढावी लागली. दुसऱ्याला कळलं ते नुसत्या लघवीच्या तपासणीत, डोळ्याला दिसणार नाही इतकं रक्त होतं. दुर्बिणीतून खरवडून काढलं. तो आज माझ्याबरोबर पारसिकच्या डोंगरावर चालायला येतो.

दोघांमध्ये फरक एवढाच की एकाची तपासणी झाली. झोप जायची ती जाऊ द्या. मला कळलं पाहिजे.

डॉ_मृणाल

फिटरकाका, तुमच्यासमोर मी आणखी काय बोलू. फक्त माहिती म्हणून: रंगाच्या कारखान्यातले कामगार आणि मूत्राशयाचा कर्करोग हे नातं जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्येच मांडलं. रंग बनवताना लागणारी काही रसायनं (ॲरोमॅटिक अमाइन), विशेषतः बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन, त्याला कारण आहेत आणि आजार यायला वीस-वीस वर्षं जाऊ शकतात. म्हणून तुमच्यासारख्यांनी लघवीतलं सूक्ष्म रक्त आणि पेशींची तपासणी ठरावीक काळाने करत राहावी. न दुखता एकदा जरी रक्त गेलं तरी थेट युरॉलॉजिस्ट, उन्हाळी लागली म्हणून सब्जाचं पाणी नाही.

तिरकस, तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, तो उडवून लावत नाही. प्रत्येक तपासणी प्रत्येकाला करू नये. सरसकट दरवर्षी सीटी स्कॅन हा तर मला शुद्ध धंदा वाटतो. आपल्याकडे कितीतरी छात्यांत जुन्या टीबीचे डाग असतात, मग त्या डागांच्या मागे सुया टोचत फिरावं लागतं. पण औषध नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही, हे पटत नाही. ॲस्बेस्टॉसचा कामगार सिगारेट ओढत असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नाही, जवळपास गुणाकाराने चढतो. ती सोडवता येते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी देता येतात. श्वासाचे व्यायाम आहेत, ऑक्सिजन कधी लावायचा हे वेळेत ठरवता येतं. टीबीच्या गोळ्या फुकट पोटात जायच्या थांबतात. आणि भरपाईचा दावा करायचा तर निदानाचा कागद लागतोच. तुमचे काका फिरायचे बंद झाले, कारण त्यांना रिपोर्ट देऊन कोणी पुढचं बोललं नाही.

माजी_सेफ्टीवाला

रबाळे-महापे भागातल्या कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. कंपनीच्या बाजूने बसलेला माणूस म्हणून लिहितो, शिव्या पडल्या तरी हरकत नाही.

कारखाने अधिनियम १९४८ मध्ये भोपाळनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम ४१-सी बघा. अशा प्रक्रियेत काम करणाऱ्याची आरोग्यनोंद मालकाने ठेवायची आणि ती कामगाराला बघायला मिळाली पाहिजे. तपासणी कामावर लावण्याआधी, काम चालू असताना, आणि ते काम सुटल्यानंतरही, बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता करायची. 'सुटल्यानंतरही' हे कायद्यातच आहे, कोणाच्या मेहेरबानीचा विषय नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. सुटल्यानंतर म्हणजे रंगाच्या प्लांटमधून स्टोअरला बदली झाल्यानंतर, असा सोयीचा अर्थ सगळीकडे लावला जातो. गेटबाहेर गेलेल्या माणसाला दरवर्षी बोलावणारी एकही कंपनी माझ्या पाहण्यात नाही. हिशोब, ग्रॅच्युइटी, चांदीचं नाणं, ग्रुप फोटो. फाइल बंद.

कामावर असलेल्यांची तपासणी होते, पण तीत नावाला काय असतं तेही लिहितो. सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी व्हॅन येते, दिवसाला दोनशे माणसं उरकायची असतात. फुंकायची टेस्ट नीट करायला माणसामागे दहा-पंधरा मिनिटं लागतात, तीनदा सारखं फुंकावं लागतं. तिथे एकदा 'फू' केलं की पुढचा. कानाची तपासणी कँटीनच्या शेजारी, जनरेटर चालू. एक्स-रे बरा निघाला तर निघाला. डॉक्टर एएफआयएच (औद्योगिक आरोग्याचा कोर्स) झालेला असतो, त्याला कळतं सगळं, पण बिल कंपनी देणार असते.

कायदा_चाळणारा

सेफ्टीवाल्यांनी लिहिलं त्यात भर.

ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल आहे, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, असं त्यात म्हटलं आहे. कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवायची, असा आदेश आहे. आजार सिद्ध झालेल्यांना एक लाख रुपये भरपाईही त्यात होती. विटावा_नाका, तुमच्या बाबांची नोकरी कधी लागली आणि कधी सुटली ते बघून हिशोब करा. कागद जपून ठेवायची मुदत उलटली आहे की नाही ते लगेच कळेल.

दुसरं, डॉक्टर मंडळींसाठी. त्याच अधिनियमाचं कलम ८९. तिसऱ्या परिशिष्टातला आजार (सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, शिशाची, पाऱ्याची, बेंझिनची विषबाधा, गोंगाटाचा बहिरेपणा वगैरे) कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसात आढळला, नुसता संशय आला तरी, उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं. न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड होता. खासगी दवाखान्यालाही हे लागू होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. काम सुटल्यानंतरच्या तपासणीची तरतूद तिच्यातही आहे. बाबांची नोकरी जुन्या कायद्याच्या काळातली, तेव्हा अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

कोपरखैरणेचा_पाटील

कायदा, निकाल सगळं बरोबर आहे दादा. पण हे ज्यांचं नाव हजेरीपटावर त्यांचं.

आमच्या जमिनी गेल्या, त्याच्या बदल्यात आमच्या गावातली किती पोरं कंपनीत कायम झाली ते सोडा. बाकीची ठेकेदाराकडे लागली. वर्षातून एकदा शटडाऊन लागायचा, म्हणजे साफसफाई-दुरुस्तीसाठी प्लांट बंद. रिॲक्टरच्या आत उतरून खरवडायचं काम कायम कामगार करत नसे, युनियन करू देत नसे, ते आमच्या पोरांना. टाकीत उतर, खरवड, पंधरा दिवसांत काम संपलं, पुढचा शटडाऊन दुसऱ्या कंपनीत. जुनं लॅगिंग (पाइपांवरचं उष्णता अडवणारं आवरण) फोडायचं कामही आमचंच. विटावा_नाका, तुमच्या बाबांनी विणलेली दोरी कोरडी झाल्यावर आम्हीच हातोडीने पाडली असणार.

यांची आरोग्यनोंद कोणाकडे मागायची? ठेकेदार बिहारला गेला का वारला, पत्ता नाही. पीएफ कधी कापला, कधी नाही. माझ्या चुलतभावाकडे पुरावा म्हणून एक लॅमिनेट केलेला गेटपास आहे, त्याच्यावर फोटो त्याचा आणि नाव दुसऱ्याचं.

माजी_सेफ्टीवाला

पाटीलभाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही. शटडाऊनच्या माणसांची वर्क परमिट मी सही केलेली आहेत, त्यावर माणसांची नावं नसायची. 'हेल्पर ६' एवढंच.

ओसाका_व्हाया_ठाणे

लहानपण पाचपाखाडीत, आता जपानमध्ये. इथे ॲस्बेस्टॉस आणि इतर काही कर्करोगकारक पदार्थांवर ठरावीक काळ काम केलेल्या माणसाला नोकरी सोडताना किंवा नंतर सरकारकडे अर्ज करून आरोग्य व्यवस्थापन वही मिळते. ती घेऊन नेमलेल्या रुग्णालयात जायचं, तपासणी फुकट. ॲस्बेस्टॉसवाल्यांची वर्षातून दोनदा. कंपनी बुडाली तरी वही चालते, कारण ती सरकारची असते.

अमेरिकेत अण्वस्त्रांच्या कारखान्यांतल्या माजी कामगारांसाठी असंच आहे. १९९३ च्या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात कलम घालून तिथल्या ऊर्जा खात्यावर ही जबाबदारी टाकली. पाटीलदादा, तुमच्या मुद्द्याचं त्यात आहे: ठेकेदाराचे आणि उपठेकेदाराचे कामगारही धरले आहेत. तपासणी फुकट, दर तीन वर्षांनी पुन्हा. आणि ती खातं स्वतः करत नाही, विद्यापीठं आणि कामगार संघटनांशी जोडलेल्या संस्थांकडून करवून घेतं. सेफ्टीवाल्यांनी लिहिलेल्या 'बिल कंपनी देणार' यावरचा तो उपाय.

तिरकस

जपान, अमेरिका. ठाण्यात काय ते बोला.

ओसाका_व्हाया_ठाणे

जपान-अमेरिका नको तर राजस्थान घ्या. तिथे २०१९ पासून न्यूमोकोनिओसिसचं (धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांचं) राज्य धोरण आहे. निदान प्रमाणित झालं की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. दगडखाणीतल्या माणसाला मालक कोण होता हे सिद्ध करत बसावं लागत नाही. राजस्थानला जमतं ते महाराष्ट्राला का जमू नये, हा प्रश्न तुमच्या आमदारांना विचारा, मला नको.

तुर्भेकर

दगडखाणीवरून आठवलं. आमच्या मागे तुर्भे-बोनसरीकडे खाणी आणि क्रशर होते. वडार समाजाची किती कुटुंबं राबली तिथे. त्यांचं काय?

डॉ_मृणाल

तपासायलाच हवं. फक्त राजस्थानशी थेट तुलना नको. तिकडचा वालुकाश्म म्हणजे जवळपास सगळी सिलिकाच. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, त्यात मोकळी सिलिका खूपच कमी. त्यामुळे इथे क्रशरवाल्यांत सिलिकोसिसपेक्षा जुनाट ब्राँकायटिस, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) जास्त अपेक्षित धरेन. धूळ ती धूळच, पण एक्स-रे कोरा आला म्हणून फुप्फुस ठीक असं समजू नका. त्यांना फुंकायची टेस्ट जास्त सांगून जाईल.

दिघा_लोकल

कोणीच पैशाचं नीट सांगत नाहीये, म्हणून मी लिहिते. माझं निम्मं आयुष्य ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) रांगेत गेलं आहे, आधी सासऱ्यांसाठी, मग नवऱ्यासाठी.

किमान पाच वर्षं ईएसआयचा विमा असलेला माणूस निवृत्त झाला किंवा व्हीआरएसने बाहेर पडला तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि जोडीदाराला उपचार चालू ठेवता येतात. वर्षाला १२०, महिन्याला नाही. शाखा कार्यालयात जायचं, जुना विमा क्रमांक आणि कंपनीचं निवृत्तीचं पत्र द्यायचं. बरेच जण पहिल्या वर्षी भरतात, मग विसरतात. बाबांनी व्हीआरएस घेतली आहे ना, मग आधी विमा क्रमांक शोधा. जुन्या हिरव्या-पिवळ्या कागदांत, पीएफच्या फाइलमागे कुठेतरी असतोच. कंपनी बंद पडली म्हणून घरी बसलेल्यांना मात्र ही वाट सरळ मिळत नाही, नियमात निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती आणि मुदतपूर्व निवृत्ती असंच म्हटलंय.

पगार मर्यादेच्या वर गेला की ईएसआय सुटतो, हेही बघा. आज मर्यादा २१,००० आहे, पूर्वी बरीच कमी होती. कायम कामगार कधी बाहेर पडला हे त्यालाच आठवत नाही.

विमा क्रमांकाचा दुसरा उपयोग: तुम्ही कोणत्या कंपनीत कधी होतात याची सरकारी नोंद त्यातून निघते. कंपनीने हात वर केले तरी. व्यवसायजन्य आजार ठरला तर ईएसआयचं वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात. रांगेत पाण्याची बाटली आणि पोळीभाजी घेऊन बसा.

घणसोलीची_वीणा

इतका वेळ गप्प वाचत होते. सगळे बाबा, काका, सासरे यांचंच लिहिताय.

विटावा_नाका, बाबांचे ते पांढरे झालेले कपडे कोण धूत होतं? आमच्याकडे आई धुवायची. आधी अंगणात झटकायची, मग बालदीत. वडील ॲस्बेस्टॉसचे नव्हते, शिशाच्या बॅटऱ्यांचे होते. धाकट्या भावाला लहानपणी सतत पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात मागे. त्याचं शिसं कोणी कधी मोजलंच नाही. कंपनीच्या यादीत आम्ही नव्हतो.

डॉ_मृणाल

वीणाताई, हे आधी माझ्याकडूनच यायला हवं होतं, पण तुम्ही आणलंत ते फार योग्य. कामगाराच्या कपड्यांवरून घरी आलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे बायका-मुलांना मेसोथेलिओमा झाल्याची नोंद जगभर आहे. विटावा_नाका, आईंचा एक्स-रे बाबांबरोबरच काढा, आणि त्यांच्याही कागदावर कपडे किती वर्षं धुतले ते लिहा. आईंची तपासणी कोणाला करायला लावणारा कायदा नाही, डॉक्टरला समजणारा कागद मात्र आहे.

शिशाचं वेगळं असतं. रक्तातलं शिसं मागच्या काही आठवड्यांचं सांगतं. जुनं सगळं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे अनेक वर्षं राहतं. भावाची रक्ततपासणी आज नॉर्मल आली तर लहानपणी नव्हतं असा अर्थ होत नाही. वडिलांचं मात्र बघा: रक्तदाब, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. मूत्रपिंडावर त्याचा परिणाम राहतो.

विटावा_नाका

सगळ्यांचे आभार. इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. आतापर्यंत काय झालं ते लिहितो, पुढच्याला उपयोगी पडेल.

बाबांनी कामाचा इतिहास लिहिला. सुरुवातीला 'काय लिहायचं त्यात' म्हणत होते, मग वहीची आठ पानं भरली. कोणत्या लूमवर कोण होतं, कोणत्या शिफ्टला एक्झॉस्ट बंद ठेवायचे, सगळं. दोघा जुन्या सहकाऱ्यांनी त्यावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. कायदा_चाळणारा, हे चालेल ना?

आईला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या बाबांचे कपडे वेगळे धुवायचे कारण बाकीच्यांना खाज यायची. हे मला आज कळलं.

एक्स-रे आणि फुंकायची टेस्ट दोघांचीही झाली. आईचं ठीक आहे. बाबांच्या आवरणावर दोन्ही बाजूंना चुन्यासारखे चट्टे आहेत आणि फुप्फुसात मावणारी हवा अपेक्षेपेक्षा कमी आहे. पुढच्या आठवड्यात एचआरसीटी. बाबा शांत आहेत, मी नाही.

डॉ_मृणाल

चट्टे म्हणजे प्लूरल प्लाक. ते ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याची खूण आहे, कर्करोग नाही, आणि त्यांचा पुढे कर्करोग होत नाही. हवा कमी का हे एचआरसीटीत कळेल. सीटीला जाताना ती आठ पानं बरोबर न्या आणि रेडिओलॉजिस्टला आधी दाखवा, नंतर नाही. फिल्म आणि सीडी दोन्ही घरी ठेवा. रुग्णालय काही वर्षांनी जुनं काढून टाकतं आणि आपल्याला तुलनेसाठी लागणार आहे.

कायदा_चाळणारा

साक्षीदारांच्या सह्या उत्तम. शक्य असेल तर नोटरी करून घ्या. आता तीन कागद पाठवा. पहिला, कंपनीची मालकी ज्या समूहाकडे होती किंवा जो लिक्विडेटर (बंद कंपनीचा कारभार गुंडाळणारा) असेल त्याला, आरोग्यनोंदीची प्रत मागणारा, रजिस्टर पोस्टाने. दुसरा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ठाणे कार्यालयाला: कारखान्याचा परवाना, धोकादायक प्रक्रियेची नोंद आणि तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिसरा, निदान पक्कं झाल्यावर डॉक्टरांकडून आजार कळवणारं पत्र (पूर्वीचं कलम ८९ चं, आता नव्या संहितेखालचं) त्याच संचालनालयाला. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. भरपाईच्या दाव्याला मुदत असते, म्हणून निदानाची तारीख असलेला कागद सांभाळा.

माजी_सेफ्टीवाला

संचालनालयात प्रमाणक शल्यचिकित्सक म्हणून डॉक्टर असतात, त्यांची वेळ मागा. आणि शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक वैद्यकशास्त्राचा विभाग आहे. संघटनेच्या किंवा गटाच्या लेटरहेडवर, पंधरा-वीस माजी कामगारांच्या सह्यांनी विनंती गेली तर एकट्याच्या अर्जापेक्षा लवकर हलते, हा अनुभव.

कोपरखैरणेचा_पाटील

सह्या वीस नाही, जास्त होतील. पण आमच्या पोरांची नावं त्या यादीत घालणार का? की फक्त कायम कामगारांची?

विटावा_नाका

घालणार. पाटीलदादा, तुमच्या चुलतभावाला तो गेटपास घेऊन रविवारी सकाळी विटाव्याला यायला सांगा. नाव दुसऱ्याचं असलं तरी फोटो त्याचा आहे, आणि बाबा म्हणतात शटडाऊनला कोण यायचं ते त्यांना चेहऱ्याने ठाऊक आहे. वीणाताई, तुमच्या आईंनाही आणा. यादीत 'घरी कपडे धुणारे' असा रकाना करतोय, माणूस कुठल्या कंपनीचा ते बघणार नाही.

आजीव_फिटर

मीही येतो. आमच्या रंगवाल्यांचा वेगळा कागद करावा लागेल, तपासण्या वेगळ्या आहेत. डॉक्टर, लघवीच्या पेशींची तपासणी ठाण्यात नीट कुठे होते तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.